रील उभ्या गाडीची, परीक्षा घाटाची

गाडीत मॉडिफिकेशन करताय? जरूर करा. पण पहिल्या दिवशी चाललं म्हणजे जमलं, असं समजू नका. आणि जे दिसलं तेवढंच शूट करून टाकूही नका. दुसरी गोष्ट मी स्वतःलाच सांगतेय.

आधी एक कबुली देते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक रील टाकली होती. वाडीत मामांच्या अंगणात त्यांची पिकअप उभी आहे. बॉनेट उघडं. माझा मामेभाऊ इंजिनावरचा जुना पंखा काढून ट्रॉफीसारखा वर धरतो. कट. रेडिएटरला बसवलेला काळा इलेक्ट्रिक पंखा गर्रकन फिरतो. कट. टेम्परेचरचा वर चढलेला काटा हळूहळू खाली येतो. वर मी लिहिलं होतं, 'कंपनीला जे जमलं नाही ते आमच्या पोट्ट्यानं बाराशे रुपयांत केलं!'

४१ हजार व्ह्यूज. माझ्या मास कॉमच्या तीन वर्षांत कुठल्याच असाइनमेंटला इतके डोळे मिळाले नव्हते. 'भाऊ लिंक दे', 'कोणत्या गाडीचा पंखा आहे?', 'माझ्या काकांच्या गाडीला बसेल का?' अशा कमेंट्स महिनाभर येत होत्या. भाऊ एकेकाला उत्तरं देत होता. मी हार्ट देत होते.

त्या रीलमधलं एकही दृश्य खोटं नव्हतं. काटा खरंच खाली आला होता. तरीही ती रील खोटी होती. हे कळायला पाच आठवडे आणि एक घाट लागला.

पंखा बदलायचं भूत आलं कुठून?

मामांची पिकअप बारा वर्षांची आहे. वाडीच्या गोदामांतून माल उचलायचा आणि सांगाल तिथे पोचवायचा, हा त्यांचा धंदा. घराचा हप्ता, भावाची कॉलेजची फी, मामींची औषधं, सगळं त्या गाडीच्या चार चाकांवर. नागपुरात ऊन तापलं की गाडीचा काटाही तापायचा. चालत्या गाडीत कमी, पण सिग्नलला किंवा गोदामाबाहेर इंजिन चालू ठेवून रांगेत थांबलं की जास्त.

भाऊ तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने रील्सचा अभ्यास केला होता. (सिलॅबसचा किती, ते विचारू नका.) त्यातून त्याला एक इलाज सापडला: इंजिनावर चालणारा पंखा काढा, इलेक्ट्रिक लावा.

त्याचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. समजून घेऊ.

पिकअपमध्ये, जीपमध्ये इंजिन लांबीत बसवलेलं असतं. त्याचं तोंड समोर, रेडिएटरकडे. म्हणून पंखा थेट इंजिनाच्या तोंडाशी बसवता येतो, इंजिन फिरलं की पंखा फिरतो. वेगळी मोटार नको, वायर नको, स्विच नको. छोट्या कारमध्ये इंजिन आडवं असतं, पुलीचं तोंड चाकाकडे आणि रेडिएटर समोर. तिथे इंजिनाने पंखा फिरवणं अवघड, म्हणून इलेक्ट्रिक पंखा आला. म्हणजे इलेक्ट्रिक पंखा 'नवा' आणि इंजिनाचा पंखा 'जुना' एवढी साधी गोष्ट नाही. दोघांची कामाची जागा वेगळी आहे.

इंजिनाच्या पंख्याचा तोटा असा, की तो इंजिनाच्या चालीवर नाचतो. गाडी उभी असेल, इंजिन आठशेच्या आसपास आरपीएमवर गुरगुरत असेल, तर पंखाही आळसावतो. नेमकी तेव्हा समोरून वारा नसतो. आणि मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात समोरून भरपूर वारा येत असतो, तेव्हा पंख्याची गरज नसते, तरी तो फिरतोच आणि थोडं डिझेल खातो. इलेक्ट्रिक पंखा मात्र गाडी उभी असतानाही पूर्ण वेगाने फिरतो आणि नको तेव्हा बंद करता येतो. गाडी पाण्यातून काढायची असेल तर पंखा बंद ठेवायची सोय होते, पाती पाणी उडवत नाहीत. हे सगळे फायदे खरे आहेत.

म्हणून भावाने एका भंगारवाल्याकडून छोट्या कारचा जुना पंखा आणला. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी रेडिएटरच्या जाळीला आवळला. घरात उरलेली वायर डॅशबोर्डपर्यंत ओढली आणि एक बटण बसवलं. 'ताई, तू फक्त शूट कर, बाकी माझ्यावर सोड,' म्हणाला. मी शूट केलं.

पुढचा महिनाभर शहरातल्या शहरात गाडी खरंच थंड राहिली. मामा खूश. मामींनी भावाला जिलबी आणली. जुना पंखा भंगारात द्यायचं ठरलं होतं, पण मामींनी तो पोत्यात गुंडाळून जिन्याखाली टाकला. 'राहू दे, कामी येईल.' आमच्या घरातला सगळ्यात शहाणा तांत्रिक निर्णय हाच होता, हे तेव्हा कुणाला माहीत!

नवतपा, सव्वा टन फरशी आणि घाट

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा सुरू झाला. मामांना छिंदवाड्याचं भाडं मिळालं. सव्वाशे किलोमीटर, सव्वा टन फरशी. मला तिकडे मैत्रिणीकडे जायचं होतं, भावाला सुट्टी होती. तिघं पुढच्या सीटवर.

सावनेर गेलं, सौंसर गेलं. काटा अर्ध्यावर. भाऊ दर दहा मिनिटांनी काट्याकडे बोट दाखवायचा आणि मामा मान डोलवायचे. मग घाट लागला. दुसरा गिअर, गाडी वीस-बावीसच्या वेगाने चढतेय, इंजिन ओरडतंय, समोर एक ट्रक, बाहेर दुपारचे दोन. काटा अर्ध्यावरून पाऊण झाला. भावाने बटण तपासलं. पंखा चालूच होता. डॅशबोर्डखालून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. वळणावर मामांनी गाडी बाजूला घेईपर्यंत काटा लाल पट्टीत गेला होता आणि बॉनेटखालून फुस्सकन वाफ आली.

भाऊ उतरून धावला. फडकं घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मामांनी त्याचं मनगट पकडून त्याला मागे ओढलं. इतक्या जोरात की तो खाली बसला.

यासाठी इथे एक मिनिट थांबा. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. इंजिन बंद करा, लांब व्हा, चांगला अर्धा-पाऊण तास वाट बघा. हा लेख इथेच सोडलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आम्ही रस्त्याच्या कडेला, पळसाच्या सावलीत बसून राहिलो. मामा काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फरशीवाल्याला फोन केला, 'आज नाही पोचत, भाऊ.' दुसरी गाडी बोलावून माल त्यात भरला. आमची पिकअप टोचन करून परत आणली. हेड गॅसकेट गेलं होतं, हेडला बाक आला होता. खर्च अठ्ठावीस हजार आणि अकरा दिवस गाडी उभी. बाराशेच्या पंख्याची खरी किंमत ही.

आणि त्या अकरा दिवसांत माझ्या रीलवर व्ह्यूज वाढतच होते.

उस्तादचा प्रश्न

गाडी ज्यांच्याकडे नेली त्या उस्तादांनी तीस-पस्तीस वर्षं इंजिनं उघडलीत. त्यांनी आधी भंगारचा पंखा बघितला, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मग पिवळी पडलेली वायर. हसले नाहीत. भावाला एवढंच विचारलं, 'इंजिनिअर साहेब, पंखा बदलला, ठीक. पण गाडी काहून गरम होऊन रायली होती, ते पाहिलं का?'

नव्हतं पाहिलं.

उस्तादांनी रेडिएटर काढला. बाहेरून जाळीच्या फटींत धूळ, किडे आणि वाळक्या गवताची गादी. आतून नळ्यांमध्ये पांढरा थर. मामा वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोरचं पाणी टाकत आले होते. क्षारांनी निम्म्या नळ्या बुजलेल्या.

तुम्ही नागपूरकर असाल तर हे समजायला इंजिनिअरिंग लागत नाही. कूलर आठवा. गेल्या वर्षीची ताटी तशीच ठेवली, तिच्यावर क्षार जमून ती दगडासारखी झाली, आणि मग तुम्ही कूलरची मोटार बदललीत, तर हवा थंड येईल का? आवाज तेवढा वाढेल. आपण दर वर्षी मार्चच्या शेवटी न सांगता ताट्या बदलतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपल्याला आधी मोटार बदलावीशी वाटते. कारण ताटी साफ केल्याची रील कोण बघणार?

उस्तादांनी जुना पंखाही मागवला, जिन्याखालून. त्याच्या मधोमध एक चपटा डबा असतो, त्याला व्हिस्कस क्लच म्हणतात. आत सिलिकॉनचं घट्ट तेल आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची एक छोटी गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती गुंडाळी वळते, आतली वाट उघडते, तेल पसरतं आणि पंखा इंजिनाला घट्ट पकडून फिरतो. हवा थंड असेल तर पकड सैल होते आणि पंखा निवांत फिरतो. म्हणजे 'गरज असेल तेव्हाच फिरणारा पंखा' कंपनीने आधीच दिलेला होता! वायर नाही, सेन्सर नाही. आमच्या गाडीतलं तेल मात्र गळून गेलं होतं, त्यामुळे पकडच येत नव्हती. उस्तादांनी इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून दाखवला. भिंगरीसारखा फिरत राहिला. 'गरम गाडीत इंजिन बंद करून फिरवला, तर थोडा जड लागायले पाहिजे,' म्हणाले. तीस सेकंदांची तपासणी. ती आम्ही केली नाही, कारण आम्ही इलाज आधीच ठरवून ठेवला होता.

चला, हिशेब करू

आता तो हिशेब, जो भावाला सेमिस्टरला येत होता आणि अंगणात आठवला नाही.

पहिला हिशेब हवेचा. पंख्याचा वेग तिप्पट झाला की हवा साधारण तिप्पट मिळते, पण त्यासाठी ताकद लागते तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीस पट. इंजिनाचा पंखा आठशे आरपीएमवर आळशी असतो, पण घाटात इंजिन चोवीसशेवर गेलं की तोच पंखा वादळ होतो. लागणारी ताकद इंजिन देतं, मागेल तेवढी. एक-दोन हॉर्सपॉवर, प्रसंगी त्याहून जास्त. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट.

इलेक्ट्रिक पंख्याला मात्र बॅटरी-अल्टरनेटर जेवढं देईल तेवढंच. १३.५ व्होल्टवर २० अँपिअर घेणारा पंखा म्हणजे २७० वॅट. घाट असो की सपाट, २७० च्या वर एक वॅटही नाही. वायर बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं, पंखा आणखी हळू फिरतो आणि वायर तापते ती वेगळी. तो प्लॅस्टिकचा वास त्याचाच होता.

म्हणजे बघा. उभ्या गाडीत इलेक्ट्रिक पंखा जिंकतो. घाटात, माल भरलेला असताना, कमी वेग आणि जास्त आरपीएमवर इंजिनाचा पंखा जिंकतो. आम्ही परीक्षा कुठे घेतली? अंगणात, उभ्या गाडीत. ज्या पेपरमध्ये आमचा पोरगा पहिला येणार हे नक्की होतं, तोच पेपर आम्ही काढला आणि निकाल ४१ हजार लोकांना दाखवला.

दुसरा हिशेब आपल्या उन्हाचा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा ३० अंश असेल तर फरक ६५. नागपूरच्या मेमध्ये हवा ४५ अंश, फरक ५० वर आला. तोच रेडिएटर, तोच पंखा, तेवढीच हवा, पण काम जवळपास पाऊणच. थंड मुलखातल्या कुणीतरी शूट केलेली रील बघून तुम्ही तोच पंखा आणलात, तर आणल्याबरोबर त्याची जवळपास पाव ताकद आपलं ऊन खाऊन टाकतं.

तिसरा हिशेब झाकणाचा. कंपनीच्या पंख्याभोवती एक प्लॅस्टिकचं कडं असतं. त्याला श्राउड म्हणतात. त्यामुळे पंखा पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढतो. आमचा पंखा उघडा, जाळीला टेकलेला. त्याच्या गोलाएवढ्याच भागातून हवा येत होती, उरलेला रेडिएटर बसून होता.

तीन हिशेब, तिन्ही बारावी फिजिक्सचे. कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटं.

५६ अंशांची बातमी आणि मी

तुम्हाला ३० मे २०२४ आठवतोय? नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ ची नोंद झाली होती. मग काय, आपले सगळ्यांचे स्टेटस, स्क्रीनशॉट, मीम्स. 'नागपूर जगात एक नंबर!' दुसऱ्या काही केंद्रांवर तेव्हा ४४ अंशांच्या आसपास आकडे होते. मागाहून हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मुंगेशपूरचा सेन्सरही तीन अंश जास्त दाखवत होता, असं तपासात निघालं.

५६ चा स्क्रीनशॉट मीही टाकला होता. खुलासा मी टाकला नाही. तुम्ही टाकला होतात?

त्या केंद्राने मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं, आणि माझ्या रीलनेही नाही. दोन्हीकडे एकच चूक होती. एका जागी, एका वेळी दिसलेला आकडा आम्ही पूर्ण सत्य म्हणून पुढे ढकलला, दुसऱ्या जागी पडताळून बघितला नाही, आणि चूक कळली तेव्हा ती सांगायला तेवढ्या उत्साहाने गेलो नाही. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीला हे कुणी सांगायला नको होतं. वर्गात आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात, दोन सोर्स तरी बघा. मी एक बघितला आणि तोही उभा होता, अंगणात.

अनेक जण म्हणतील, 'अगं, रील आहे ती, बातमी थोडीच आहे?' मला हा युक्तिवाद आता पटत नाही. ज्या मुलाने 'माझ्या काकांच्या गाडीला बसेल का?' विचारलं, त्याच्यासाठी ती बातमीच होती. त्याचे काकाही कुठल्या तरी गाडीवर घर चालवत असतील. त्यांच्या वाटेतही कुठला तरी घाट असेल.

मग जुगाड करायचाच नाही?

करायचा! नाहीतर मेकॅनिकलला जायचं कशाला? आपल्याकडे जुगाड हा गरिबाचा वर्कशॉप आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. बाराशेत काम होतंय तर बारा हजार का घालवा, हा मामांचा विचार अगदी बरोबर होता. चूक एवढीच, की बाराशेत काय काय येत नाही, हे कुणी मोजलं नाही.

इलेक्ट्रिक पंखा योग्य ठिकाणी उत्तम काम करतो. शहरात फिरणारी, फारसा माल न वाहणारी जुनी जीप असेल, तर विचार करायला हरकत नाही. पण तेव्हाही क्रम असा ठेवा.

आधी रोग शोधा. रेडिएटर आतून-बाहेरून साफ आहे का, पाण्याऐवजी कूलंट आहे का, थर्मोस्टॅट उघडतो का, बेल्ट सैल नाही ना, व्हिस्कस क्लच पकडतोय का, झाकण दाब धरतंय का. यातलं बहुतेक काम काहीशे रुपयांचं आहे आणि बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते.

तरी पंखा बदलायचाच असेल, तर पूर्ण रेडिएटर झाकणाऱ्या श्राउडसकट घ्या. गाडी सर्वांत जास्त काय ओढते, ते धरून पंखा निवडा. बटणावर विसंबू नका, पाण्याचं तापमान बघून आपोआप चालू होणारा थर्मोस्विच लावा. मधे रिले, बॅटरीजवळ फ्यूज, आणि जाड वायर. हेडलाइट, वायपर आणि पंखा एकत्र चालले तर अल्टरनेटरला झेपेल का, तेही बघा. पंखा बंद पडला तर कळावं म्हणून एक बझर. जुना पंखा भंगारात देऊ नका. (मामींना विचारा.) आणि गाडी नवी असेल, २०२० नंतरची बीएस-६, तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे बऱ्याच गोष्टी कॉम्प्युटर सांभाळतो आणि वॉरंटीचाही प्रश्न असतो.

हा सगळा खर्च मांडून बघा. बाराशे राहत नाहीत. आणि एवढा खर्च करूनही जड माल घेऊन घाट चढणाऱ्या पिकअपला तो पंखा पुरेल, याची खात्री नाही. मामांच्या गाडीसाठी उत्तर होतं जुनाच पंखा, नवा क्लच, साफ रेडिएटर आणि कूलंट. कंटाळवाणं, पण बरोबर.

परीक्षा मात्र कशीही असो, सर्वांत वाईट दिवशी घ्या. दुपारी, उन्हात, वजन भरून, चढावर, सोबत जाणता माणूस असताना आणि काटा वर सरकला की लगेच थांबायची तयारी ठेवून. आकडे वहीत लिहा: बाहेरचं तापमान, वजन, वेग, किती मिनिटांनी काटा कुठे. बदल करण्याआधी एकदा आणि केल्यावर एकदा. आधीचे आकडेच नसतील, तर 'फरक पडला' हे तुम्ही कशावरून म्हणणार?

आणखी एक. आपल्याकडे हिशेब येणारी पोरं एका बाजूला आणि हाताला सवय असलेले उस्ताद दुसऱ्या बाजूला. मधे कॉलेजची भिंत. भाऊ तीन वर्षं हीट ट्रान्सफर शिकला, पण एकाही उस्तादाच्या शेडमध्ये गेला नव्हता. उस्तादांना पंख्याचा सत्तावीस पटीचा हिशेब कुणी कधी सांगितला नव्हता. भावाने तो पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ कागद बघत राहिले. म्हणाले, 'असं हाय होय. आमाले हातानं माहीत होतं, आकड्यानं नव्हतं.' भाऊ आता शनिवारी त्यांच्याकडे जातो. बीएससी, बीए, कॉमर्स, तुम्ही कुठलेही असा, तुमच्या विषयाचाही एखादा उस्ताद गावात नक्की असेल. त्याला प्रश्न विचारायला फी लागत नाही.

दुसरी रील

ती जुनी रील मी काढून टाकली नाही. काढली असती, तर ज्यांनी आधीच बघितली त्यांना काहीच कळलं नसतं. तिच्यावर पहिली कमेंट मी पिन केली, 'हे करू नका, कारण खाली दिलंय.' मग दुसरी रील टाकली. बाक आलेलं हेड, जळलेली वायर, रेडिएटरच्या नळीतला पांढरा थर, आणि उस्तादांचा हात, भिंगरीसारखा फिरणारा पंखा दाखवताना. भाऊ कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हता. शेवटी आला आणि म्हणाला, 'मी चुकलो, कुठे चुकलो ते सांगतो.' मला त्याचा पहिल्या रीलपेक्षा या रीलमध्ये जास्त अभिमान वाटला.

या रीलला सहाशे व्ह्यूज मिळाले. ४१ हजार आणि सहाशे.

पण त्या सहाशेत 'माझ्या काकांच्या गाडीला बसेल का?' विचारणारा मुलगा होता. त्याने लिहिलं, 'ताई, पंखा आणून ठेवला होता, अजून बसवला नाही. आधी रेडिएटर खोलून बघतो.'

तुमच्याकडेही अशी एखादी पहिली रील असेल. गाडीची, बाइकची, डाएटची, शेअर मार्केटची, घरगुती औषधाची. तेव्हा चाललं होतं, पुढे बिघडलं, आणि तुम्ही गप्प बसलात. दुसरी टाका. व्ह्यूज कमी येतील, हे आधीच सांगून ठेवते.